कमांड ट्रान्सफॉर्मर, साठ नग

माणसाने काहीही चांगलं करायला जाऊ नये, असा पद्मनाभ होळ्ळ यांचा सिद्धांत होता. तो त्यांनी अनुभवाने पडताळून मात्र पाहिला नव्हता, कारण एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काही करूनच पाहिलं नव्हतं. शिवमोग्ग्याच्या एका अनुदानित पॉलिटेक्निकात ते इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेचे निदेशक होते. निदेशक म्हणजे प्राध्यापक नव्हे, आणि शिपाई तर नव्हेच. प्राध्यापकाने फळ्यावर खरं करून दाखवलेलं टेबलावर खोटं ठरलं, की सगळे ज्याच्याकडे वळून बघतात तो निदेशक.

अशा माणसाला निवृत्तीला चौदा महिने उरलेले असताना काहीतरी चांगलं करायची बुद्धी झाली. त्याला कारण झालं एक टिंब.

हल्ली सर्किट आधी तारा जोडून करत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर काढतात, आणि त्यात वीज सोडली तर काय होईल याचं गणित संगणकाकडूनच करून घेतात. पण संगणक आपणहून हलत नाही. किती वेळाचं गणित कर, किती बारीक पावलांनी कर, असा हुकूम त्याला चित्राशेजारी लिहून द्यावा लागतो. त्या हुकमाची सुरुवात टिंबाने होते. होळ्ळांच्या वर्गात साठ मुलं होती आणि त्या एका टिंबाचं काय करायचं याबद्दल साठ मतं होती. कोणी ते द्यायचाच नाही, कोणी वाक्य संपल्यावर देई, तर एका सज्जनाने ‘टिंब’ हा शब्दच अक्षरांत लिहिला होता. एकाने दहा आकड्यापुढे ‘एम’ लिहून दहा मिनिटं थांबायला सांगितलं. संगणकाच्या लेखी ‘एम’ म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, तेव्हा ते झाले दहा मिलिसेकंद. तो पापणी लवायच्या आत मोकळा झाला आणि मुलगा खरोखर दहा मिनिटं हाताची घडी घालून बसून राहिला. दुसऱ्याने नुसतंच ‘दहा’ लिहिलं, म्हणजे पुरे दहा सेकंद, आणि पावलं मात्र अतिबारीक. त्याचं यंत्र सकाळी अकराला जे गणिताला बसलं ते कॉलेज सुटलं तरी उठलं नाही.

होळ्ळ या टेबलावरून त्या टेबलावर टिंबं देत फिरत. घरी येऊन पाय चेपत बसत.

“दिवसभर काय केलंत?” वारिजाबाई विचारत.

“टिंबं दिली.”

“पगार त्याचाच देतात का?”

हा प्रश्न होळ्ळांना लागला. एका रविवारी ते संगणकापुढे बसले, आणि हुकूम लिहायचाच नको, तो रेझिस्टर-कपॅसिटरसारखा चित्र म्हणूनच उचलून ठेवता यावा, अशी युक्ती त्यांनी शोधली. एक चौकट काढली, तिच्या पोटात घड्याळ, आणि खाली दोन जागा: किती वेळ, किती पावलांनी. नमुना म्हणून वेळेच्या जागी दहा मिलिसेकंद घातले. टिंब आत लपवून ठेवलं. मुलाने चौकट सर्किटशेजारी ठेवायची, आपले दोन आकडे भरायचे, की काम झालं. चिन्हाला नाव देणं भाग होतं. ‘ट्रान्झियंट’ या मूळ शब्दाची पहिली चार इंग्रजी अक्षरं घेऊन त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘ट्रान-एक’. वर्णनाच्या जागी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘कमांड’.

वारिजाबाईंनी पडदा न्याहाळला. “छान आहे. डबा आहे का?”

“हुकूम आहे.”

“मग डब्यासारखा का दिसतो?”

शेजारचे गुरुबसप्पा वीजखात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून सल्ला देणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम होतं. होळ्ळांनी काढलेला छापील कागद त्यांनी हात लांब करून, मान मागे घेऊन पाहिला.

“होळ्ळरे, याला तारा कुठे जोडायच्या?”

“तारा नाहीतच. नुसतं शेजारी ठेवायचं.”

“तार नाही, पाय नाहीत, शेजारी नुसतं बसायचं आणि हुकूम सोडायचा.” गुरुबसप्पांनी कागद परत दिला. “चौतीस वर्षांत असलं यंत्र मी एकच पाहिलं, आमचा एक्झिक्युटिव्ह इंजिनियर. लेखी परवानगी घेतलीत?”

“चित्राला कसली परवानगी?”

“असं म्हणणारी तीन माणसं मी खात्यात पाहिली. तिन्ही भली माणसं होती.” त्यांचं पुढे काय झालं ते गुरुबसप्पांनी सांगितलं नाही. नुसतंच आकाशाकडे पाहिलं.

होळ्ळांनी लेखी अर्ज केला. तो प्राचार्यांकडे गेला. ‘प्रचलित चिन्हांत बदल करण्याचा अधिकार कोणास?’ असा शेरा घेऊन विभागात परत आला. विभागप्रमुख होत्या तेजस्विनी मॅडम. सोळा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत होळ्ळांनी त्यांच्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची डाखणी दिली होती, आणि पहिला चटकाही त्यांच्यादेखतच बसला होता. आता त्या डॉक्टरेट घेऊन त्यांच्या वरिष्ठ झाल्या होत्या. त्या होळ्ळांना सर म्हणत आणि होळ्ळ त्यांना मॅडम म्हणत. या व्यवस्थेत दोघांपैकी नेमकं कोण अवघडून जातं ते दोघांनाही कळलेलं नव्हतं.

“सर, फार सुरेख आहे हे. वापरायला लागा. शेऱ्याचं मी बघते.”

त्यांनी बघितलं की नाही कोण जाणे. पण चिन्ह तिसऱ्याही यंत्रावर चढलं, तिसाव्याही यंत्रावर चढलं, आणि प्रयोगशाळेत कधी न ऐकलेली शांतता पसरली. मुलं डबी उचलत, आकडे भरत, पडद्यावर रेघ उमटे. टिंबासाठी कोणी हाका मारीना. साठ मुलांचा एकच प्रयोग होता, बटण दाबल्यावर ठरावीक वेळाने लागणारा दिवा. पण प्रत्येकाला वेगळा कपॅसिटर दिलेला, त्यामुळे प्रत्येकाचा वेळ वेगळा. मुलं तो आपापला काढू लागली. इंचरा नावाची तीर्थहळ्ळीकडची एक मुलगी होती. वर्षभर ती मान वर करून बोलली नव्हती. तिने एके दिवशी उभं राहून सांगितलं, “सर, माझा दिवा चार सेकंदांनी लागतो.” आणि खाली बसली.

त्या पंधरवड्यात होळ्ळ सुखी होते. सुखाची सवय नसल्याने त्यांना रात्री अपचन होई. वारिजाबाई जिऱ्याचा कषाय देत आणि म्हणत, “असं हसू नका जेवताना. ठसका लागेल.”

प्रयोगाचा दुसरा भाग होता तो दिवा खरोखर जोडायचा. त्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांची यादी संगणक चित्रावरून स्वतःच काढून देतो. माणसाने काही लिहावं लागत नाही, आणि म्हणून माणूस ती वाचतही नाही. होळ्ळांनीही वाचली नाही. चित्रातली जी वस्तू बाजारातून आणायची नाही, तिच्यापुढे ‘यादीत धरू नये’ अशी एक छोटी खूण करायची असते. हुकूम बाजारात मिळत नाही हे होळ्ळांना माहीत होतं. संगणकाला ते सांगायचं राहिलं होतं.

यादी भांडाराकडे गेली. भांडारपाल हालप्पा बावीस वर्षं त्या खुर्चीत होता, आणि त्या काळात त्याने कोणालाही कसलीही शंका विचारली नव्हती. शंका विचारणाऱ्याला काही कळत नाही असा समज होतो, हे त्याचं म्हणणं. यादीत रेझिस्टर साठ होते, कपॅसिटर साठ, दिवे साठ, आणि ‘ट्रान-एक, कमांड’ साठ. ‘ट्रान’ म्हणजे ट्रान्सफॉर्मर हे त्याने ओळखलं. ‘कमांड’ ही बनावट असावी. त्याने मागणी नोंदवली: कमांड ट्रान्सफॉर्मर, साठ नग.

जगाच्या पाठीवर असली वस्तू नाही. पण पुरवठादाराने ती पुरवली. बेंगळुरूच्या गाडीतून साठ खोकी आली, आणि प्रत्येक खोक्यावर कोणीतरी काळ्या शाईने सुबक अक्षरांत ‘कमांड’ लिहिलेलं होतं. प्रत्येकात दीड किलोचा, गिरणीच्या दगडाइतका निर्विकार ट्रान्सफॉर्मर.

“हे काय आहे?” होळ्ळांनी विचारलं.

“तुम्हीच मागवलेत,” हालप्पा म्हणाला. “चांगला माल आहे. हलवून बघा, हलत नाही.”

“अरे, तो हुकूम होता!”

“हुकूम होता म्हणूनच मागवले ना सर!”

होळ्ळ तिथेच एका खोक्यावर बसले. परत करायची सोय नव्हती, कारण अशी बनावट आम्ही खास तुमच्यासाठी तयार केली, असं पुरवठादाराने कळवलं, आणि ते एका परीने खरंच होतं. भांडारात जागा नव्हती म्हणून खोकी प्रयोगशाळेत टेबलांखाली लागली. मुलांच्या नडग्या सोलवटू लागल्या. ज्या दिव्याला मनगटी घड्याळाएवढी बॅटरी पुरत होती, त्याच्या पायाशी नव्वद किलो लोखंड येऊन बसलं.

प्राचार्यांनी खुलासा मागवला, तीन प्रतींत. होळ्ळ मसुदा घेऊन कुंपणाशी गेले. गुरुबसप्पांनी पहिलंच वाक्य वाचून डोळे मिटले.

“‘सदर वस्तू अस्तित्वात नाही.’ होळ्ळरे, हे असं लिहायचं?”

“पण नाहीच आहे!”

“म्हणून काय सांगायचं? नाही म्हटलं की नसलेली वस्तू साठ कशी मागवली, हा पुढचा प्रश्न. तुम्ही लिहा, वस्तू आहे, तपासणी चालू आहे. तपासणी चालू असलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. आमच्या खात्यात एक खांब एकोणीसशे ऐंशीपासून तपासणीत आहे.”

होळ्ळांना खोटं लिहिता येईना. त्यांनी खरं लिहिलं, चिन्ह म्हणजे काय, हुकूम म्हणजे काय, खूण करायची कशी राहिली, सगळं सव्वाचार पानं. प्राचार्य ती वाचून म्हणाले, “म्हणजे हे तुमच्या चित्रामुळे झालं.” एवढ्या पानांचं सार इतक्या थोडक्यात निघेल असं होळ्ळांना वाटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मुलांची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येऊन मुलांनी जमा केलेली चित्रं उघडून, चालवून बघणार होते. चित्रं शुक्रवारीच जमा होऊन बंद झाली होती, त्यांना आता कोणी हात लावायचा नव्हता. होळ्ळांच्या मनाने घेतलं, की परीक्षकाने पुन्हा यादी काढली तर पुन्हा साठ हुकूम निघतील, आणि हालप्पा तर बसलेलाच आहे. रविवारी सकाळी ते चावी मागून प्रयोगशाळेत गेले. मूळ चिन्हावर राहिलेली खूण केली आणि साठ चित्रांतली जुनी डबी काढून एकेक करत नवी बसवली. काम निगुतीने केलं. दुपारी डब्यातला चित्रान्नाचा भात खाल्ला, हात धुतले, पुन्हा बसले. साठावं चित्र मिटताना त्यांना वाटलं, चला, हे एक तरी नीट झालं.

नवी डबी बसताना आपल्याबरोबर आपले मूळचे आकडे घेऊन बसते. मुलांनी भरलेले वेळ पुसले जाऊन प्रत्येक चित्रात पुन्हा दहा मिलिसेकंद लिहिले गेले होते. हे त्यांना सोमवारी साडेदहाला कळलं.

परीक्षक रेवणसिद्धय्या हासनहून आले होते. मितभाषी गृहस्थ, चहासुद्धा खुणेने मागत. त्यांनी पहिलं चित्र चालवलं. रेघ जेमतेम वर निघाली आणि तुटली. दिवा लागायच्या कितीतरी आधी वेळ संपला. त्यांनी दुसरं चालवलं. तिथेच तुटली. तिसरं, चौथं, अकरावं. रेवणसिद्धय्यांनी चष्मा काढून पुसला.

“साठ वेगळे कपॅसिटर,” ते तेजस्विनी मॅडमना म्हणाले, “आणि साठ जणांची एकच चूक. पंचवीस वर्षांत एवढी शिस्तबद्ध नक्कल मी पाहिली नाही. मला सर्वांचा निकाल रोखावा लागेल.”

मुलं दाराबाहेर उभी होती. त्यांना आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी वाईट आहे हे मॅडमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कोणाची नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, कोणाला पदवीला प्रवेश घ्यायचा होता. इंचरा भिंतीला टेकून दोन्ही हातांनी ओढणीची टोकं पिळत होती.

होळ्ळ कपाटापाशी होते. वास्तविक त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं. त्याचा एकोणतीस वर्षांचा सराव होता. साठ चित्रांना एका रविवारी कोणी हात लावला याची नोंद फक्त चावीच्या वहीत, आणि ती वही कोणी उघडत नसे. त्यांना गुरुबसप्पांची ती तीन भली माणसं आठवली.

“नक्कल नाही ती,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की रेवणसिद्धय्यांनी कपाटाकडे पाहिलं.

“मुलांनी बरोबर केलं होतं. मी चित्रं उघडली. काल. बंद झाल्यावर. माझ्या हातून पुसलं गेलं.”

“बंद झालेली उत्तरं उघडलीत?” परीक्षकांनी सावकाश विचारलं. “याचा अर्थ कळतो तुम्हाला?”

“कळतो.”

“लेखी द्याल?”

“तीन प्रतींत देतो,” होळ्ळ म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांना आता तशीच सवय लागली होती.

तेजस्विनी मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

रेवणसिद्धय्या हासनची दुपारची गाडी सोडून राहिले. त्यांनी एकेका मुलाला आत बोलावलं, तुझा वेळ किती होता ते विचारलं, कसा काढलास ते कागदावर मांडायला लावलं, आणि आकडा स्वतः डबीत भरला. दोन दिवस लागले. सत्तावन्न मुलं पास झाली. तीन नापास झाली, आणि ती आपापल्या कर्तबगारीवर झाली. पण त्या तिघांचे बाप पुढे आठवडाभर होळ्ळांच्या घरी येऊन ओसरीत बसले, आणि वारिजाबाईंनी त्यांना दिवसातून तिन्ही वेळा कॉफी दिली. जाताना परीक्षक एवढंच म्हणाले, “ती डबी सोयीची आहे.” हे त्यांनी अहवालात लिहिलं नाही.

अहवालात जे होतं त्यावरून आदेश निघाला. होळ्ळ यांची बदली भांडारात, हालप्पाच्या हाताखाली. सदर चिन्ह सर्व यंत्रांवरून तत्काळ नष्ट करावे.

“भांडार म्हणजे आराम,” गुरुबसप्पांनी समजावलं. “पंखा असतो. धूळ असते, पण धूळ काही विचारत नाही.”

वारिजाबाईंनी आदेश दोनदा वाचला आणि घडी करून देवाच्या फळीवर ठेवला. त्या रागावतील असं होळ्ळांना वाटत होतं.

“तुम्ही स्वतः उठून सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कोणी न विचारता?”

“हो.”

वारिजाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी, सण नसताना, पानात पुरणाचा कडुबू होता.

भांडारात होळ्ळांना एक स्टूल मिळालं. साठ ट्रान्सफॉर्मर प्रयोगशाळेतून हलवून त्यांच्याभोवती रचले गेले, आणि प्रत्येकावर क्रमांक घालायचं काम त्यांना दिलं गेलं. अक्षर चांगलं आहे, हालप्पा म्हणाला. सतरावा क्रमांक घालून झाला तेव्हा दारात तेजस्विनी मॅडम उभ्या होत्या.

“सर, एक विचारायचं होतं. ते चिन्ह काढून टाकायचा आदेश आहे.”

“वाचला मी.”

“ते कसं काढायचं, ते कोणालाच माहीत नाही.”

होळ्ळांनी कुंचला पुसला. हालप्पाने बाहेर जायच्या वहीत त्यांची सही घेतली. ते पाहुण्यासारखे आपल्याच प्रयोगशाळेत गेले. मुलं बसली होती. त्यांना बघून सगळी एकदम उभी राहिली, खुर्च्यांचा केवढा आवाज झाला. “बसा, बसा,” होळ्ळ म्हणाले, आणि पहिल्या यंत्रापुढे वाकले.

दर यंत्रावर चिन्ह निवडायचं, काढ म्हणायचं. मग यंत्र विचारी: नक्की काढायचं? त्या कॉलेजात एकोणतीस वर्षांत त्यांना कोणी ‘नक्की का?’ असं विचारलं नव्हतं, आणि आज एकामागून एक तीस यंत्रं नम्रपणे तेच विचारत होती. प्रत्येक वेळी होळ्ळ क्षणभर थांबत, जणू विचार करतायत. मग हो दाबत. मॅडम मागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, “सर, मी वरती लिहिलं होतं. तुमच्या बाजूने.” होळ्ळ म्हणाले, “कळलं मला, मॅडम.” त्यांना कळलेलं नव्हतं, पण आता कळलं.

तिसाव्या यंत्रावर इंचरा बसली होती. तिने नवं सर्किट काढलं होतं, बरंच मोठं, आणि कोपऱ्यात ती घड्याळाची चौकट ठेवली होती. गणित चालू होतं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या गतीने पुढे सरकत होती.

“सर,” ती उठून बाजूला होत म्हणाली, “बंद करू का?”

होळ्ळांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलावरचं काहीतरी वाचू लागल्या, तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

“किती वेळ भरलायस?”

“नऊ सेकंद. पावलं फार बारीक घेतलीत, म्हणून वेळ लागतोय.”

“बस खाली,” होळ्ळ म्हणाले. “होऊ दे पुरतं.”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते तिच्याशेजारी बसले. रेघ वर चढत राहिली. पंखा फिरत होता. बाकीची मुलं लिहायचं सोडून इकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. वीस मिनिटांनी रेघ वर जाऊन आडवी झाली आणि थांबली.

“लागला दिवा,” इंचरा म्हणाली.

“लागला,” होळ्ळ म्हणाले, आणि चिन्ह काढायला त्यांनी यंत्राकडे हात पुढे केला.